अनुभव धागा: लेखनावर घर चालवायला शिकताना

लेखन कसे करावे, यावर मराठीत पुष्कळ लिहिले-बोलले जाते. लिहून झाल्यावर त्याचे पैसे कसे ठरवावेत, ते कसे मागावेत आणि येईपर्यंत दिवस कसे काढावेत, याविषयी मात्र लेखक मंडळी एकमेकांशीसुद्धा मोकळेपणाने बोलत नाहीत. नोकरी न करता, स्वतःच्या जबाबदारीवर ब्लॉग, भाषांतर, संहिता किंवा जाहिरातीचा मजकूर लिहून कमावणाऱ्यांनी आपल्या पहिल्या दोन-तीन वर्षांविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे. उपदेश कमी आणि आकडे जास्त असावेत. ज्यांनी पैसे बुडवले त्यांची नावे मात्र घालू नयेत. वाद हा या धाग्याचा विषय नाही. सुरुवात मीच करतो.

पुणे (धागाकर्ता)

२०१५ साली मी जाहिरात क्षेत्रातील नोकरी सोडली, तेव्हा माझी समजूत अशी होती की आठ वर्षे लिहीत आहोत, म्हणजे हा व्यवसाय आपल्याला येतो. पहिले काम एका मध्यस्थामार्फत मिळाले. कुठल्या तरी परदेशी संकेतस्थळांसाठी इंग्रजीत ५०० शब्दांचे लेख लिहायचे होते आणि दर होता शब्दाला २० पैसे, म्हणजे लेखाला १०० रुपये. पाण्याचे फिल्टर, गुडघेदुखी, विमानतळाजवळची हॉटेले, असे विषय असत. महिन्याला साठ लेख होत, सहा हजार रुपये येत, आणि मी दिवसभर 'कामात' असे. एके दिवशी बायकोने विचारले, "तू तासाला किती कमावतोस, हे एकदा मांडून बघितलंस का?" मी एका जुन्या वहीत रोज तीन रकाने भरू लागलो: शोधाशोध, प्रत्यक्ष लेखन आणि दुरुस्त्या-पत्रव्यवहार. पंधरा दिवसांनी हिशेब केला, तेव्हा एका लेखाला सरासरी दोन तास लागत होते आणि त्यातला लेखनाचा वेळ निम्मासुद्धा नव्हता. तासाला पन्नास रुपये पडत होते. ती वही मी अजून ठेवली आहे, कारण पुढचे सगळे दर तिच्यावरूनच काढले.

दुसरी गोष्ट दर सांगण्याची. एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने एका मिठाई उत्पादकाची माहितीपुस्तिका लिहायचे काम आले. त्यांनी फोनवर विचारले, "किती घ्याल?" मी न थांबता "बारा हजार" म्हणालो आणि ते तितक्याच वेगाने "चालेल" म्हणाले. आकडा कमी पडल्याचे त्या 'चालेल'च्या वेगावरूनच कळले. तेव्हापासून मी फोनवर दर सांगत नाही. काम समजून घेतो, "उद्या लेखी कळवतो" म्हणतो आणि त्या पत्रात शब्दसंख्या, दुरुस्त्यांच्या फेऱ्या आणि आगाऊ रक्कम या तिन्ही गोष्टी लिहितो. दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन. तिसऱ्या फेरीचे वेगळे पैसे लागतील, हे आधी लिहिले की तिसरी फेरी बहुधा निघतच नाही.

सांगली

माझा मूळ व्यवसाय डीटीपीचा, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणीचा. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची स्मरणिका, असे सगळे केले. सप्टेंबरअखेरच्या सर्वसाधारण सभांपूर्वी अहवालांची जी झुंबड उडते, तिच्यात इतरांचे इतके अशुद्ध मराठी सुधारले की लोक मजकूरही मलाच लिहायला सांगू लागले. तेथून मी भाषांतराकडे वळलो.

पहिला अडथळा अक्षरांचाच होता. माझा हात श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीवर बसलेला, आणि भाषांतर घेणाऱ्यांना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखा दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, हवा होता. मी जुन्या पद्धतीने टंकलेला ४० पानांचा मजकूर परिवर्तकातून काढून तसाच पाठवला. परिणामी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटल्या आणि 'प्र', 'त्र' यांसारखी जोडाक्षरे जागोजागी फुटली. दोन रात्री बसून एकेक ओळ दुरुस्त केली, त्याचे पैसे अर्थातच मिळाले नाहीत. त्यानंतर तीन आठवडे काम जवळजवळ बंद ठेवून युनिकोडसाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकलो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी बोटांची सवय मोडताना चिडचिड होते, पण दुसरा मार्ग नव्हता.

खरा धडा शब्दमोजणीचा होता. शब्दाला दीड रुपया ठरला होता, पण कोणत्या भाषेतील शब्दाला, हे मी विचारलेच नव्हते. मूळ इंग्रजी मजकूर ६,२०० शब्दांचा होता आणि माझा मराठी मजकूर भरला ४,८००. इंग्रजीत 'इन द हाउस' हे तीन शब्द होतात, मराठीत 'घरात' हा एकच. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि मोजणीत नाहीसे होतात. समोरच्या संस्थेने मराठी शब्द मोजले आणि माझे एकवीसशे रुपये गेले. त्यांची लबाडी होती असे मला वाटत नाही, लेखी काही नव्हते इतकेच. आता कामाच्या पहिल्याच पत्रात 'मूळ मजकुराच्या शब्दसंख्येनुसार' हे तीन शब्द असतात. मोजणीत तेही तीनच भरतात.

संगमेश्वर तालुका, रत्नागिरी

वरील दोघांप्रमाणे मी व्यवसाय करायचा म्हणून सुरुवात केली नव्हती. सासूबाईंच्या हातच्या कोकणी पदार्थांची टिपणे २०१७ मध्ये ब्लॉगवर लिहू लागले, कारण त्या प्रमाण सांगत नसत, "बेताने घाल" एवढेच म्हणत, आणि ते बेताने म्हणजे किती, हे मला कुठेतरी नोंदवून ठेवायचे होते. पुढे २०१८ मध्ये गूगलच्या अॅडसेन्स या जाहिरात सेवेने मराठी भाषेला मान्यता दिली आणि आपल्या ब्लॉगवर जाहिराती येऊ शकतात, हे मुलाने सांगितले.

त्यात कमाई १० डॉलर झाली की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने एक क्रमांक येतो आणि तो भरल्याशिवाय पैसे निघत नाहीत. मी पत्त्यात घराचे नाव आणि गाव एवढेच लिहिले होते. वाडी, पोस्ट, तालुका काहीच नव्हते, त्यामुळे पहिले पाकीट आलेच नाही. दुसऱ्यांदा संपूर्ण पत्ता दिला आणि पाच आठवड्यांनी पोस्टमन भाऊ अंगणात येऊन म्हणाले, "वहिनी, परदेशाचं दिसतंय, पण सही नको म्हणतायत." साधेच पाकीट होते, आतला कागद चहाच्या चिठ्ठीएवढा. सासूबाईंनी तो देवाजवळ ठेवला. पुढे खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय रक्कम बँकेत जात नाही, आणि ते जमायला मला चौदा महिने लागले. रक्कम आली तेव्हा ती कशाबद्दल आली, याचा सांकेतिक क्रमांक बँकेने विचारला. त्यासाठी तालुक्याला दोन खेपा झाल्या.

एक निरीक्षण सांगते. मी मेहनतीने लिहिलेल्या उकडीच्या मोदकांपेक्षा फणसावरचे लेख कितीतरी जास्त वाचले जातात, आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत. फणस चिरण्याआधी विळीला आणि हातांना खोबरेल तेल कसे लावायचे, आठळ्या लाल मातीच्या गाऱ्यात घोळवून, वाळवून पावसाळ्यासाठी कशा ठेवायच्या, हे मुंबईत राहणाऱ्या आमच्याच माणसांना हवे असते. जूनमध्ये वाचक निम्म्यावर येतात आणि जाहिरातींचे उत्पन्नही. त्यामुळे केवळ जाहिरातींवर माझे घर एक आठवडासुद्धा चालले नसते. उत्पन्न आले ते ब्लॉग वाचून ज्यांनी बोलावले त्यांच्याकडून. जिल्ह्यातील एका मसाले उत्पादकाने पुड्यांच्या मागे छापायला आठ पाककृती लिहून मागितल्या आणि सहा हजार रुपये दिले. तेव्हापासून मी ब्लॉगला दुकान समजत नाही, दुकानाची पाटी समजते.

चोरीविषयीही लिहायला हवे. माझा सांदणांचा लेख दुसऱ्या एका ठिकाणी जसाच्या तसा दिसला. छायाचित्रातील हात माझे, हिरव्या बांगड्या माझ्या, खाली नाव भलत्याच बाईंचे. मी मूळ छायाचित्राच्या तारखेसह हक्कभंगाची तक्रार केली आणि आठवड्याभरात तो लेख निघाला. सासूबाईंना मात्र पाककृती गेल्यापेक्षा बांगड्या गेल्याचे दुःख अधिक झाले.

डोंबिवली

मी श्राव्य मालिकांच्या संहिता लिहितो. पहिल्या मालिकेचा करार अकरा पानांचा, इंग्रजीत होता आणि तो न वाचता मी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर सही करून पाठवला. भागाला बाराशे रुपये आणि एकूण चाळीस भाग, एवढेच मला दिसत होते. दीड वर्षाने त्याच कथेवरून दृश्य मालिका झाली. मला ते एका मित्राने अभिनंदनासाठी फोन केला तेव्हा कळले. करार काढून पाहिला, तर सर्व माध्यमे, संपूर्ण जग आणि कायमची मुदत हे सगळे मीच लिहून दिले होते.

वकील मैत्रिणीने समजावले ते असे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. नोकरीत नसलेला लेखक जे लिहितो त्याचा पहिला मालक तो स्वतःच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे कायदा मानतो. म्हणजे कायदा गप्प राहणाऱ्या लेखकाच्या बाजूने थोडासा का होईना उभा आहे, पण मी तर सगळे स्पष्ट लिहून दिले होते. आता मी प्रत्येक करारात माध्यम, मुदत आणि प्रदेश हे तीन शब्द शोधतो आणि त्यांतील निदान एक तरी कमी करून मागतो. आतापर्यंत तीन निर्मात्यांकडे असे मागितले. दोघांनी मान्य केले आणि तिसऱ्यांनी उत्तर देणे बंद केले. त्या महिन्यात मला त्या कामाची गरज होती, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

वाई

मी निवृत्त शिक्षक असून केवळ दिवाळी अंकांत लिहितो. दिवाळी अंकांची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'च्या १९०९ च्या अंकापासूनची मानतात आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु ज्यांना लेखनावर घर चालवायचे आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मजकूर जुलै-ऑगस्टमध्ये द्यावा लागतो, अंक दिवाळीला येतो आणि मानधनाचा धनादेश, आलाच तर, संक्रांतीच्या आसपास येतो. गेल्या वर्षी पाच अंकांत लिहिले. तिघांकडून मानधन, पाचही जणांकडून अंक. निवृत्तिवेतन असल्यामुळे मला हे परवडते.

नागपूर

सामाजिक संस्था आणि कंपन्यांसाठी मी अहवाल व पुस्तिका लिहिते. सरांनी संक्रांतीचा उल्लेख केला म्हणून पैशांच्या विलंबाविषयीच लिहिते. माझ्या दुसऱ्या वर्षी एका संस्थेने ६८,००० रुपये सात महिने उलटले तरी दिले नव्हते. मी दर आठवड्याला नम्र पत्र लिहीत होते आणि प्रत्येक वेळी 'लेखा विभागाकडे पाठवले आहे' असे उत्तर येत होते. शेवटी माझ्या सनदी लेखापालांनी विचारले, "तुम्ही उद्यम नोंदणी केली आहे का?" जुलै २०२० पासून चालू असलेली केंद्र सरकारची ही लहान उद्योगांची नोंदणी विनामूल्य आणि ऑनलाइन होते, आणि सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदली जाते, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. उद्योग म्हणजे शेड आणि यंत्र, असेच डोक्यात होते.

नोंदणी असेल तर सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला, आणि काहीही ठरले तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यायचे असतात. लेखी काही ठरलेच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्याहून उपयोगी ठरली ती आयकराची तरतूद. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म व लघू उद्योगांचे बिल मुदतीत दिले नाही, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा दाखवता येत नाही. म्हणून आता मार्च जवळ आला की लेखा विभागच मला फोन करतो. मी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि मुदतीची एक ओळ छापते, धमकीचा शब्दही वापरत नाही. जुन्या ६८,००० रुपयांना याचा उपयोग झाला नाही, कारण ते काम नोंदणीआधीचे होते. ते अकराव्या महिन्यात आले.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांची एक शंका मला नेहमी ऐकू येते, की ठरल्यापेक्षा पैसे कमी का आले. एका संस्थेकडून वर्षभरात मिळणारे व्यावसायिक शुल्क मर्यादेपलीकडे गेले की १० टक्के कर आधीच कापला जातो. ही मर्यादा पूर्वी ३०,००० रुपये होती, एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली. ते पैसे बुडालेले नसतात, तुमच्या पॅनवर जमा असतात, आणि विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरले जातात. पहिल्या वर्षी मी विवरणपत्रच भरले नाही आणि नऊ हजारांचा परतावा मागायचा राहिला.

ठाणे

माझा अनुभव उलट दिशेचा आहे, तोही येथे असावा. अडीच वर्षे स्वतंत्रपणे लिहून मी पुन्हा नोकरी धरली. कामे मिळत नव्हती असे नाही, चांगल्या महिन्यात साठ हजार येत. परंतु पुढच्या महिन्यात अकरा हजार आले की गृहकर्जाचा हप्ता थांबत नव्हता, आणि वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हातात आरोग्यविमा नव्हता, कारण नोकरीबरोबर तो गेला होता आणि स्वतःचा काढायचे मी 'पुढच्या महिन्यावर' ढकलत होतो. पुन्हा सुरुवात केलीच, तर राजीनाम्याआधी विमा आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवीन. सध्या रविवारी सकाळी लिहितो.

बेळगाव

सर्वांनी गंभीर लिहिले आहे, माझे किरकोळ आहे. पहिले बिल करताना त्यावर क्रमांक १ घालायची मला लाज वाटली, समोरच्याला आपण अगदीच नवखे वाटू, म्हणून ४७ घातला. काम छान झाले, पैसे वेळेवर आले, तेच गिऱ्हाईक आजही आहे. मार्चअखेर कागद घेऊन कर सल्लागारांकडे गेलो. त्यांनी बिलांची फाईल उघडली, चष्मा वर केला आणि विचारले, "हे ठीक आहे, आधीची शेहेचाळीस कुठे आहेत?"