1996 साली मुदत संपलेले कॅमेऱ्याचे कृष्णधवल रोल धुण्याबाबत मदत हवी आहे

भुसावळ येथील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, वडिलांच्या पेटीत इल्फोर्ड एफपी 4 प्लसचे 120 आकाराचे पाच रोल सापडले असून त्यांची मुदत 1996 सालीच संपलेली आहे. माळा थेट पत्र्याखाली असल्याने या रोलांनी आमच्याकडचे जवळजवळ तीस उन्हाळे सोसले आहेत, आणि ते उन्हाळे कसे असतात हे खान्देशातल्यांना सांगायला नको.

दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जादा (म्हणजे दुप्पट) प्रकाश द्यावा, या ढोबळ नियमाप्रमाणे मी फिल्मचा वेग 125 ऐवजी 16 एएसए धरून तापीकाठी एक रोल वापरला आणि डी-76 या डेव्हलपरमध्ये (प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणात) 20 अंशांवर नेहमीच्याच वेळेत धुतला. बाराही चौकटी उमटल्या. मात्र फिल्मचा कोरा काठसुद्धा राखाडी झाला आहे, आणि तिसऱ्या चौकटीत आभाळाच्या जागी मागच्या काळ्या कागदावरचे आकडे व ठिपके स्पष्ट छापले गेले आहेत.

हे आकडे आता पुसता येणार नाहीत, हे मी गृहीत धरले आहे. धुरकटपणा कमी करण्यासाठी डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायझोल घालावे, की एचसी-110 हा दुसरा डेव्हलपर वापरून वेळ कमी करावा? बेंझोट्रायझोलने फिल्मचा वेगही घटतो, तेव्हा प्रकाश आणखी किती वाढवावा? सध्या नळाचे पाणी 34 अंशांवर असून डेव्हलपर बर्फाच्या परातीत थंड करता येतो. परंतु फिक्सर (प्रतिमा पक्की करणारे द्रावण) व शेवटच्या धुण्याचे पाणीही तितकेच थंड हवे का? जुने इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा प्रतिमेचा थर, सुटून येण्याची भीती वाटते.

ज्यांनी असे उन्हात तापलेले रोल स्वतः धुतले आहेत, त्यांनी कृपया प्रमाणासह सांगावे. चारच रोल उरले आहेत.