ख्रिस्ती रोमान्स कादंबऱ्या वाचताना अडणारे शब्द : ‘रिडीम’ म्हणजे उद्धार की सोडवणं?

इंग्रजीत ज्यांना इन्स्पिरेशनल रोमान्स किंवा सरळ ख्रिश्चन रोमान्स म्हणतात त्या कादंबऱ्या मी मनापासून वाचते, जुन्या काळातल्या पण आणि आजच्या काळातल्या पण. आणि मराठीत कुणाशी त्यांच्याबद्दल बोलायला गेलं की दर वेळी तेच तेच शब्द अडतात. सगळ्यात जास्त अडतो तो ‘रिडीम’. डिक्शनरी उघडली की उद्धार, मुक्ती, तारण सगळंच मिळतं. माझं म्हणणं असं आहे की या कादंबऱ्यांपुरतं तरी ‘सोडवणं’ हेच बरोबर आहे, आणि हा एक शब्द चुकला तर अर्धं कथानक हातातून निसटतं. (मधे ‘>>’ अशी खूण आहे ते मला विचारले जाणारे प्रश्न, खाली माझं उत्तर.)

का ते सांगते. फ्रान्सीन रिव्हर्सची ‘रिडीमिंग लव्ह’ घ्या, 1991 ची. काळ 1850 च्या आसपासचा, कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडालेली. नायिका लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली, एक शेतकरी तिच्याशी लग्न करतो, ती पळून जाते, तो तिला परत आणतो, ती पुन्हा जाते. हा सगळा सांगाडा बायबलमधल्या होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतलाय आणि नायकाचं आडनावसुद्धा होशेयच ठेवलंय. आता होशेयाचा तिसरा अध्याय बघा, तिथे तो पंधरा शेकेल चांदी आणि वर जव देऊन बायकोला परत घेतो. स्वतःच्याच बायकोसाठी पैसे मोजतो! याला उद्धार कसं म्हणणार? आईच्या पाटल्या गहाण पडल्या असतील तर आपण त्या सोडवून आणतो, त्या आधीपासून आपल्याच असतात, फक्त दुसऱ्याच्या ताब्यात असतात आणि किंमत मात्र आपल्याला मोजावी लागते. नेमकं तेच इथे आहे. उद्धार करणारा वर उभा असतो आणि खालच्याला हात देतो, सोडवणाऱ्याला स्वतःच्या पदरचं घालावं लागतं. शिवाय बोलण्यात ‘उद्धार केला’ म्हटलं की आईबापाचा उद्धार, म्हणजे शिव्याच आठवतात, ते वेगळंच.

चर्चच्या मराठीत पण किंमत मोजण्याचा हा अर्थ पक्का आहे. मराठी बायबलमध्ये ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ असा शब्दप्रयोग येतो. आता खंडणी म्हटल्यावर आजच्या वाचकाला गुंड आठवतात त्यामुळे मी तो गप्पांमध्ये वापरत नाही, पण त्यातला ‘भरून’ फार मोलाचा आहे.

>> मग तारण का नको? चर्चमध्ये सर्रास तारणच म्हणतात.

म्हणतात, आणि तारण हा सुंदर शब्द आहे, पण तो ‘साल्वेशन’साठी. माणूस तरला, बुडताना वाचला, तो तारण. बाहेरच्या वाचकाला मात्र तारण म्हटलं की बँक आठवते, कर्जाला तारण काय ठेवलंय वगैरे. गंमत म्हणजे तो बँकेचा अर्थ सोडवण्याच्या किती जवळ आहे बघा, पण कुठलं तारण ते दर वेळी समजावत बसावं लागतं. म्हणून मी दोन्ही वेगळे ठेवते, नायकाला किंवा नायिकेला देव सापडला की त्याचं किंवा तिचं तारण झालं आणि कुणी कुणासाठी किंमत मोजली की सोडवलं. या कादंबऱ्यांमध्ये दोन्ही गोष्टी घडतात पण एकाच पानावर क्वचितच, आणि चांगली लेखिका त्यांच्यात अंतर ठेवते.

बायबलमधलं रूथचं पुस्तक पण इथे आठवा. रूथच्या सासरचा आप्त बवाज वेशीत बसतो, गावचे दहा वडीलधारे साक्षीला बसवतो, आणि रूथच्या सासरची जमीन सोडवण्याचा पहिला हक्क ज्याचा आहे त्या नातेवाइकाला आधी विचारतो. तो लगेच हो म्हणतो. मग जमिनीबरोबर विधवा रूथची पण जबाबदारी येते म्हटल्यावर मागे सरतो आणि पायातला जोडा काढून देतो, म्हणजे हक्क सोडला. मूळ हिब्रूत या सोडवणाऱ्या आप्ताला खास शब्द आहे, ‘गोएल’. तिथेही मामला जमिनीचा, नात्याचा आणि पैशाचा आहे, नुसत्या भावनांचा नाही. गहाण पडलेलं रँच (गुरांचं मोठं शेत), आधीच कुणाला तरी शब्द देऊन बसलेली नायिका, मधला हक्कदार मागे सरेपर्यंत गप्प राहणारा नायक, हे या कादंबऱ्यांत इतकं का येतं ते रूथ वाचल्यावर लगेच कळतं.

>> हिस्टॉरिकल रोमान्सला ऐतिहासिक प्रेमकथा म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडतं हो. मराठीत ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की गड, तलवारी, दरबार, खलिते डोळ्यापुढे येतात, कुणीतरी मोठा माणूस मध्यभागी लागतो. इथे तसं काहीच नसतं. शाळामास्तरीण असते, विधुर शेतकरी असतो, घोडागाडी असते, हिवाळ्यात संपत आलेलं पीठ असतं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेत 160 एकर सरकारी जमीन मिळायची, अट अशी की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची, आणि एकटी बाई किंवा विधवासुद्धा स्वतःच्या नावावर दावा लावू शकायची. या एका कायद्यातून किती कादंबऱ्या निघाल्यात! कारण माळरानावर एकट्या बाईला जमीन आहे पण मनुष्यबळ नाही, शेजारच्या विधुराला घर आहे पण पोर सांभाळायला कुणी नाही, मग दोघं व्यवहार म्हणून लग्न करतात. याला इंग्रजीत मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स म्हणतात, मी ‘सोयीचं लग्न’ म्हणते आणि ते मराठीत छान बसतं कारण ‘सोयरीक’ मनात वाजतेच. तर मी हिस्टॉरिकलला ‘जुन्या काळातली’ आणि कंटेम्पररीला ‘आजच्या काळातली’ म्हणते. समकालीन म्हटलं की समीक्षेचा लेख वाटतो.

प्रेमकथेबद्दल पण एक सांगायचंय. मराठीत प्रेमकथा कशीही संपू शकते, ताटातूट, मरण, काहीही, उलट तशी संपली तर जास्त लक्षात राहते. रोमान्स हा प्रकार मात्र वाचकाशी करार करूनच सुरू होतो, की शेवटी ही दोघं एकत्र येणार आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटणार. म्हणून मी तो शब्द रोमान्सच ठेवते, बदलत नाही.

>> ‘क्लीन रोमान्स’ म्हणजेच ख्रिश्चन रोमान्स ना? स्वच्छ, सात्त्विक वगैरे?

नाही, आणि हा घोळ फार होतो. क्लीन म्हणजे शय्यागृहाचं दार बंद, शिवीगाळ नाही, बस. त्याला मराठीत ‘सोज्वळ’ इतका नेमका शब्द दुसरा नाही. पण सोज्वळ कादंबरीत देवाचं नाव एकदाही न येता चालतं. ख्रिस्ती रोमान्समध्ये विश्वासाचा धागा कथेतून उपटून काढला तर कथा उभीच राहत नाही, ही माझी कसोटी. तिथे खरं तर तीन गोष्टी चाललेल्या असतात, त्याचं देवाशी काय चाललंय, तिचं देवाशी काय चाललंय, आणि मग त्या दोघांचं एकमेकांशी. उलट बाजूने ‘रिडीमिंग लव्ह’ नायिकेच्या आयुष्यामुळे सोज्वळ म्हणता येणार नाही, ती आधी बॅन्टम या सर्वसाधारण प्रकाशनाकडून आली आणि 1997 मध्ये मल्टनोमा या ख्रिस्ती प्रकाशनाने पुन्हा काढली. पण ती शंभर टक्के ख्रिस्ती कादंबरी आहे.

(मराठीत ख्रिस्ती कादंबरीची सुरुवात बाबा पदमनजींच्या 1857 च्या ‘यमुनापर्यटन’पासून धरतात, पण तिचा विषय विधवांची परिस्थिती, ती रोमान्स नाही, म्हणून इथे एवढंच.)

>> नायिका त्याला नकार देते कारण तो ‘बिलीव्हर’ नाही, हे मला नेहमी ताणलेलं वाटतं. आणि ते ‘अनइक्वली योक्ड’ म्हणजे काय?

याला मराठी बायबलने कमाल शब्द दिलाय, ‘विजोड’. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात सहाव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर संबंध जोडून विजोड होऊ नका. मागचं चित्र शेतातलं आहे, बैल आणि गाढव एका औताला जुंपू नये असा जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, नियम आहे, कारण दोघांची चाल वेगळी, उंची वेगळी, जू एकाच्या मानेला काचणार. आपण विजोड हा शब्द जोडप्यालाच वापरतो, वयाने विजोड, उंचीने विजोड, म्हणून तो इथे कुणाला समजावावा लागत नाही.

ताणलेलं वाटतं ते मात्र लेखिकेवर आहे. नायिकेला तो आवडतो, माणूस भला आहे, तरी ती थांबते, हे तिला खरोखर जड जातंय असं दिसलं पाहिजे. आणि नायकाचा पश्चात्ताप लग्नासाठी झालेला नको! मी तर पुस्तक यावरच जोखते. तो देवाकडे वळला तेव्हा ती मिळणार हे त्याला माहीत होतं का? माहीत असेल तर सगळं फिकं पडतं. चांगल्या पुस्तकात तो तिची आशा सोडून देतो, तिच्यापासून लांब कुठेतरी एकटा असताना त्याचं मन पालटतं, आणि मग बऱ्याच पानांनी दोघं भेटतात.

आजच्या काळातल्या कादंबऱ्यांत आणखी एक शब्द सारखा येतो, ‘कॉलिंग’. तिला परदेशात मिशनवर जायचंय, त्याचं रँच इथे, मग कुणी कुणासाठी काय सोडायचं. चर्चच्या मराठीत याला ‘पाचारण’ म्हणतात. वर्तमानपत्रात अग्निशमन दलाला पाचारण करतात त्यामुळे जरा सरकारी वाटतो, पण त्यात बोलावणारा कुणीतरी आहे आणि जावंच लागतं हे दोन्ही आहे, करिअर किंवा ध्येय म्हटलं की बोलावणाराच गायब होतो.

>> आमिश कादंबऱ्यांमधलं ‘शनिंग’ म्हणजे आपलं वाळीत टाकणंच की.

हो, वाळीत टाकणंच, मला पण दुसरा शब्द सुचत नाही. पण दोन फरक लक्षात ठेवायला हवेत, नाहीतर बेव्हर्ली लुईसच्या ‘द शनिंग’ सारखी (1997, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतली) कादंबरी नीट कळत नाही. एक म्हणजे आमिश लोकांत (हा अमेरिकेतला साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) बाप्तिस्मा, म्हणजे पंथात येण्याचा पाण्याचा विधी, मोठेपणी, स्वतःच्या मर्जीने घेतात, आणि वाळीत टाकायचं ते बाप्तिस्मा घेऊन शब्द मोडणाऱ्याला. बाप्तिस्म्याआधीच जो समाज सोडून गेला त्याने शब्दच दिलेला नाही, त्यामुळे त्याला ते लागू होत नाही. म्हणून या कथांमध्ये ‘तिचा बाप्तिस्मा झालाय का’ हा प्रश्न इतका जीवघेणा असतो, प्रेमात पडायची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख यांच्यावर सगळं अवलंबून. दुसरं म्हणजे हेतू परत आणण्याचा असतो, गुडघे टेकून कबुली दिली की माणूस परत आत. शिक्षा मात्र अगदी घरातली, घरच्यांनीच त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. आई वाढतेय, मुलगी त्याच खोलीत वेगळ्या टेबलावर बसलीय, असे प्रसंग वाचताना घशात आवंढा येतो. आमिश मुळात वेगळे झाले तेच यावरून, 1693 मध्ये याकोब अम्मानने वाळीत टाकणं कडक पाळलं पाहिजे असा आग्रह धरला आणि स्विस अ‍ॅनाबॅप्टिस्ट (मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या) लोकांत फूट पडली.

>> जॅनेट ओकच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’चं नाव मराठीत कसं सांगाल?

‘सॉफ्टली’ला लोक हळुवार म्हणतात, मला ते पटत नाही, हळुवार म्हटलं की भावगीत सुरू होतं. 1979 च्या या कादंबरीत मार्टीचा नवरा गेलाय, ती गरोदर आहे, माळरानावर तिचं कुणी नाही, आणि दफन झालं त्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर येऊन सांगतो की माझ्या लहान मुलीला आई हवीय, माझ्याशी लग्न कर, वसंतात पूर्वेकडे गाड्यांचा तांडा निघाला आणि तुला जायचं असलं तर भाडं मी भरीन. तिला त्याचा रागच येतो. मग ती भांडी, चूल, पोर, हिवाळा, बाळंतपण या सगळ्यात कधी त्याची होते हे तिचं तिलाच कळत नाही. म्हणजे ‘नकळत’. मी ‘प्रेम नकळत येतं’ असं सांगते. आधी पोरीचा लळा, मग घराची माया, प्रेम सगळ्यात शेवटी, मराठीत यांना वेगवेगळे शब्द आहेत म्हणून मराठीत ही गोष्ट जास्त नीट सांगता येते असं मला खरंच वाटतं. आणि ‘प्रीती’ तर आहेच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ असं येतं, आणि तीच प्रीत सिनेमाच्या गाण्यातही असते. या कादंबऱ्यांना देवाची प्रीती आणि नवरा-बायकोची प्रीती एकाच शब्दात हवी असते, आपल्याकडे तो शब्द आयता तयार आहे.

>> मी ख्रिस्ती नाही, संदर्भ कळत नाहीत. कुठून सुरुवात करू?

ख्रिस्ती असायची काही गरज नाही. आधी मराठी बायबलमधलं रूथ वाचा, फक्त चार अध्याय आहेत, एका बैठकीत होतं. मग होशेयाचे पहिले तीन अध्याय, पुढचे नंतर वाचले तरी चालतील. त्यानंतर ‘लव्ह कम्स सॉफ्टली’, इंग्रजी सोपं आहे आणि फार उपदेश नाही. ‘रिडीमिंग लव्ह’ जाड आहे आणि त्यात लहान मुलीवरच्या अत्याचाराचे प्रसंग आहेत, मन घट्ट असेल तेव्हाच हातात घ्या. आमिश कादंबऱ्या त्यानंतर, आणि त्या वाचताना बाप्तिस्मा कुणाचा झालाय आणि कुणाचा नाही तेवढं पहिल्या काही प्रकरणांतच बघून ठेवा.