मदत हवी आहे : लाइमनंतरची लक्षणे, डायसल्फिराम आणि अरिष्टे

कनेक्टिकटमध्ये गेल्या उन्हाळ्यात माझ्या यजमानांना गोचीड चावून लाइमचा आजार झाला. मांडीवर लाल कडे उमटले होते आणि नंतर एलायझा व वेस्टर्न ब्लॉट या दोन्ही रक्तचाचण्या पॉझिटिव्ह आल्या. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असा पूर्ण कोर्स झाला, तरी सांधेदुखी, थकवा आणि विसराळूपणा कायम आहे. बॅबेसिया (गोचिडीमुळेच होणारा दुसरा एक संसर्ग), थायरॉइड, बी-१२ या तपासण्यांत काही सापडले नाही.

संसर्गरोगतज्ज्ञ पुन्हा अँटिबायोटिक देण्यास तयार नाहीत. २००१ च्या अमेरिकी आणि २०१६ च्या डच चाचण्यांत उपचार लांबवून अधिक गुण आला नव्हता, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. डॅप्टोमायसिन या अँटिबायोटिकसह तीन औषधांचे मिश्रण उंदरांवर, तर क्रिप्टोलेपिस या वनस्पतीचा अर्क प्रयोगशाळेतील जिवाणूंवर प्रभावी ठरला. पण एवढ्यावर विसंबून ते घ्यावेत असे वाटत नाही.

दुसऱ्या एका दवाखान्याने मात्र डायसल्फिराम, म्हणजे मूळचे दारू सोडवण्यासाठीचे औषध, सुचवले आहे. यजमान सासूबाईंनी पाठवलेले दशमूलारिष्ट रोज घेतात, आणि आंबवण्यातून अरिष्टात अल्कोहोल तयार होतेच. डायसल्फिरामसोबत थोडेही अल्कोहोल पोटात गेले तर उलट्या आणि धडधड होऊ शकते. शिवाय हे औषध यकृताला अपाय करू शकते, आणि यजमानांची यकृताची एन्झाइम्स आधीच किंचित वाढलेली आहेत. दवाखान्यात याची विचारपूससुद्धा झाली नाही. अरिष्ट अर्थातच थांबवले आहे.

लाइमसाठी डायसल्फिराम घेतलेले किंवा रुग्णांना दिलेले कोणी असल्यास कृपया सांगावे : अरिष्ट बंद केल्यावर किती दिवसांनी ते सुरू केले, यकृताच्या तपासण्या किती अंतराने केल्या, आणि औषध थांबवल्यानंतरही गुण टिकला का?