मदत हवी आहे: पीटर बेव्हन-बेकरचं राजकीय करिअर, यशस्वी म्हणू की फसलेलं?

पावसाळी:

नमस्कार मंडळी, एमए पॉलिटिकल सायन्सच्या शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट चाललाय, विषय आहे वेस्टमिन्स्टर (ब्रिटिश धर्तीच्या संसदीय) पद्धतीतल्या छोट्या पक्षाचा एखादा नेता. वर्गातल्या सगळ्यांनी ब्रिटनच पकडलं म्हणून मी कॅनडा घेतला आणि त्यातही ओटावाचं म्हणजे केंद्राचं राजकारण सोडून प्रांताचं घेतलं, आता त्यात अडकलेय.

माझा माणूस आहे पीटर बेव्हन-बेकर, प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या ग्रीन पार्टीचा माजी नेता. मूळचा स्कॉटलंडचा, धंद्याने डेंटिस्ट, 1985 ला कॅनडात आला, आधी न्यूफाउंडलंड मग ओंटारिओ आणि 2003 पासून या बेटावर. 1993 पासून ग्रीनतर्फे निवडणुका लढतोय आणि पडतोय, कधी फेडरल कधी प्रांतिक, असा नऊ-दहा वेळा पडला. 2012 ला प्रांतिक पक्षाचा नेता झाला, 2015 ला पहिल्यांदा आमदार, तोही एका लिबरल मंत्रीणबाईंना पाडून. 2019 ला थेट 8 आमदार आणि अधिकृत विरोधी पक्ष, उत्तर अमेरिकेत ग्रीन पार्टीला असं कुठेच जमलं नव्हतं. आणि 2023 ला फक्त 2 उरले, मग त्याने नेतेपद सोडलं.

गाइड म्हणतात हे सगळं विकिपीडियावर आहे, तुझं म्हणणं काय ते सांग. मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक, 2019 ला एवढं वर गेलेला माणूस चार वर्षांत इतका खाली का आला, काही घोटाळा नाही भांडण नाही पक्षफूट नाही. दोन, 2023 ला ग्रीनला लिबरलपेक्षा जास्त मतं असूनही विरोधी पक्षाचा दर्जा लिबरलला कसा काय गेला? कुणी तिथे राहत असेल किंवा तिथलं राजकारण फॉलो करत असेल तर प्लीज लिहा, अगदी ढोबळ सांगितलं तरी चालेल.

संत्रानगरी:

आपल्या जिल्हा परिषदेवर लिहायला कुणी नाही आणि पोरं कॅनडाच्या बेटावर निघाली 😀 असो. लोकसंख्या किती हो त्या बेटाची?

शार्लटाउनकर:

संत्रानगरी, पावणेदोन लाखाच्या आसपास, आणि त्यावर 27 आमदारांची विधानसभा, हसा आता. पण हाच मुद्दा महत्त्वाचा आहे, सांगतो.

ताई, मी इथे बरीच वर्षं राहतोय. एका मतदारसंघात साधारण चार हजार मतदार असतात, उमेदवार स्वतः दारावर येतो, आणि कोण कुणाचा जावई, कुणाचं घराणं लाल (लिबरल) आणि कुणाचं निळं (कॉन्झर्व्हेटिव्ह), हे गावाला तोंडपाठ असतं. हा प्रांत 1873 ला कॅनडात आला तेव्हापासून सत्ता या दोघांतच फिरते आहे. तिसऱ्या पक्षाचा आमदार म्हणजे बेव्हन-बेकरच्या आधी एकच, एनडीपीचे (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, डावा पक्ष) हर्ब डिकीसन, 1996 ला निवडून आले आणि 2000 ला पडले. ते डॉक्टर होते, हा डेंटिस्ट. म्हणजे इथे तिसऱ्या पक्षाला उघडणारं दार दवाखान्यातून जातं असं आम्ही गमतीत म्हणतो.

तर 2015 ला हा एकटा आत गेला तेव्हा त्याचं नाव झालं ते ओरडण्यामुळे नाही, न ओरडण्यामुळे. अभ्यास करून प्रश्न विचारायचा, मंत्र्याचं उत्तर पटलं तर तसं सांगायचा. प्रश्नोत्तराच्या तासात एकमेकांवर खेकसणारे लाल-निळे बघायची सवय असलेल्या लोकांना हे नवीन होतं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये शार्लटाउनच्या पोटनिवडणुकीत हॅना बेल निवडून आल्या, एकाचे दोन झाले. 2018 मध्ये तर पोलमध्ये ग्रीन सगळ्यांच्या पुढे होते, ग्रीनचा प्रीमियर (म्हणजे प्रांताचा मुख्यमंत्री) होणार अशी चर्चा उघड चालायची.

मग एप्रिल 2019. मतदानाच्या थोडे दिवस आधी ग्रीनचे एक उमेदवार जॉश अंडरहे आणि त्यांचा लहान मुलगा नदीत कनू (छोटी होडी) उलटून वारले. सगळ्या पक्षांनी प्रचार गुंडाळला, त्या मतदारसंघाचं मतदान जुलैवर गेलं. ते दिवस इथल्या कुणालाच विसरता येणार नाहीत, निकालावर त्याचा काय परिणाम झाला असली चर्चा मी तरी करणार नाही, तुम्हीही प्रोजेक्टमध्ये फार खोलात जाऊ नका असं सुचवेन.

निकालात कॉन्झर्व्हेटिव्ह 12, ग्रीन 8, लिबरल 6. सत्तेतले लिबरल तिसरे आणि त्यांचे प्रीमियर वेड मॅकलॉकलन स्वतःच्या जागेवर पडले. डेनिस किंग यांचं अल्पमतातलं सरकार आलं आणि बेव्हन-बेकर विरोधी पक्षनेता.

आकडेमोड:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून, हा माझा आवडीचा प्रकार आहे.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघ. 2015: एनडीपीला 11 टक्के, ग्रीनला जवळपास तेवढीच म्हणजे 10.8 टक्के. एनडीपीला शून्य जागा, ग्रीनला एक. का, तर ग्रीनची ताकद एका माणसाभोवती एका मतदारसंघात गोळा झाली होती आणि एनडीपीची सगळीकडे पसरलेली. 2019: ग्रीनला 30.6 टक्के मतं आणि 27 पैकी 8 जागा, म्हणजे जवळजवळ मतांच्या प्रमाणातच. तिरंगी लढत होती, तिघेही एकोणतीस ते सदतीसच्या मध्ये, म्हणून पद्धत चुकून न्यायाने वागली. 2023: ग्रीन 21.6 टक्के, जागा 2. लिबरल 17.2 टक्के, जागा 3. कॉन्झर्व्हेटिव्ह 56 टक्के, जागा 22.

लिबरलच्या तीनपैकी दोन जागा बेटाच्या पश्चिम टोकाच्या आहेत, टिग्निशकडच्या, तिथे त्यांची जुनी घट्ट मतं आहेत. बाकी ठिकाणी धुव्वा उडाला तरी तेवढ्या आल्या. ग्रीनला मात्र बऱ्याच ठिकाणी मतं मिळाली आणि जागा नाही. दर्जा ठरतो आमदारांच्या संख्येवर, मतांवर नाही, म्हणून तीनवाले विरोधी पक्ष आणि दोनवाले तिसरा पक्ष.

आणि गंमत ऐक, लिबरलच्या तेव्हाच्या नेत्या शॅरन कॅमेरन उभ्या होत्या बेव्हन-बेकरच्याच मतदारसंघात, न्यू हेवन-रॉकी पॉइंटला. त्या हरल्या, तो जिंकला, आणि विरोधी बाकांवरची पहिली खुर्ची मिळाली त्यांच्या पक्षाला.

म्हणजे मतं 30 वरून 21 वर, जेमतेम तिसरा हिस्सा गेला. जागा मात्र तीन चतुर्थांश गेल्या. "चार वर्षांत इतका खाली का आला" हा तुझा प्रश्न मला म्हणूनच अर्धा चुकीचा वाटतो, जनतेत तो तितका खाली आलाच नव्हता.

पावसाळी:

आकडेमोड, हे असं एका ओळीत मला कुठेच मिळालं नव्हतं, खूप धन्यवाद 🙏 पण मग मतपद्धत बदलायचं त्यांचं आंदोलन होतं ना? प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचं, म्हणजे जेवढी मतं त्या प्रमाणात जागा? ते कुठे बसतं यात?

बोरघाट:

इथे मी पडतो मध्ये. ओंटारिओत असतो, बेटावर फक्त उन्हाळ्यात बटाट्याची शेतं आणि लाल माती बघायला गेलोय, पण हा विषय मन लावून फॉलो केला होता.

2016 च्या शरद ऋतूत तिथे सार्वमत झालं, नुसतं सल्ल्यापुरतं, सरकारवर बंधन नाही. ऑनलाइन, फोनवर, आणि 16-17 वर्षांच्या पोरांनाही मत. पाच पर्याय, पसंतीक्रम लावायचा. त्यातला एक पर्याय तर असा होता की आहे तीच पद्धत ठेवायची पण ज्या पक्षाला 10 टक्के मतं मिळतील त्याच्या नेत्याला एक जागा वर द्यायची, म्हणजे आमच्यासारख्यांना गप्प करायचा उपाय. शेवटच्या फेरीत जिंकली मिश्र प्रमाणशीर पद्धत, 52.4 टक्क्यांनी. मतदान झालं फक्त 36 टक्क्यांच्या आसपास, जे या बेटावर फारच कमी, तिथे तेव्हा एरवी ऐंशीच्या घरात मतदान व्हायचं. मॅकलॉकलन म्हणाले एवढ्याशा मतदानावर पद्धत बदलता येणार नाही, पुढच्या निवडणुकीबरोबर पुन्हा विचारू. बेव्हन-बेकरने तेव्हा हा मुद्दा लावून धरला, आणि माझ्या मते 2017-18 मध्ये त्याची जी हवा झाली त्यात या फसवल्या गेल्याच्या भावनेचा मोठा वाटा होता. लोक चिडले होते ते पद्धतीसाठी कमी आणि "विचारलंत कशाला मग" यासाठी जास्त.

मग 23 एप्रिल 2019, निवडणुकीच्याच दिवशी दुसरं सार्वमत. 18 मतदारसंघाचे आमदार आणि 9 यादीतले असा आराखडा होता. साधारण 51-49 ने पडलं. म्हणजे ज्या रात्री त्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश मिळालं त्याच रात्री त्याचा सगळ्यात जुना मुद्दा हरला. आता आकडेमोडचा 2023 चा हिशेब याच्यावर ठेव. त्या पद्धतीत 21 टक्क्यांना पाच-सहा जागा आल्या असत्या आणि विरोधी पक्ष ग्रीनच राहिला असता.

प्रोजेक्टचं हेच सूत्र घे की. बाकी त्याचं चरित्र वगैरे एका परिच्छेदात आवर.

संत्रानगरी:

म्हणजे गडी हरला नाही, गणित हरलं. सगळ्याच पडलेल्यांचं हेच म्हणणं असतं बोरघाट साहेब. मतपद्धत काढून टाकली तरी तिसऱ्या हिश्श्याने मतं गेलीच ना? ती का गेली ते कुणी बोलेना.

शार्लटाउनकर:

संत्रानगरी यांच्याशी सहमत, पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं 🙂

माझं मत लिहितो, हे मत आहे, पुरावा मागू नका. बेव्हन-बेकरचं भांडवल होतं सहकार्याचं राजकारण. अल्पमतातलं सरकार होतं तोवर ते चाललं, ग्रीनने मांडलेली बिलं पास झाली. 2030 चं कार्बन उत्सर्जनाचं टार्गेट आणखी कडक करणारं, 14 लाख टनांवरून 12 लाखांवर आणणारं बिल 2019 च्या उन्हाळ्यात झालं, लिन लंड यांचं. मग 2021 मध्ये त्यांचंच दुसरं, लैंगिक छळाच्या प्रकरणात पीडितेचं तोंड करारनाम्याने बंद करायला चाप लावणारा कायदा, असा कायदा करणारा कॅनडातला हा पहिला प्रांत. विरोधी बाकावरून एवढं करून दाखवणं सोपं नाही.

पण लोकांना काय दिसलं? सरकार चांगलं चाललंय. आणि किंग हा माणूसही गोड बोलणारा, हसतमुख, गोष्टीवेल्हाळ, त्याने सहकार्याची भाषा स्वतःच उचलली. समोरचा प्रीमियर उर्मट असता तर बेव्हन-बेकरचा सभ्यपणा उठून दिसला असता, मॅकलॉकलनच्या काळात तो दिसलाच होता. किंगसमोर दोघे सभ्य, त्यातला एक सत्तेत, मग मतदार सत्तेतल्यालाच ठेवणार. त्यात कोविड आला, सगळीकडे सरकारांना पाठिंबा वाढला. नोव्हेंबर 2020 ची पोटनिवडणूक जिंकून किंगचं बहुमत झालं आणि ग्रीनचं मत मिळवण्याची सरकारला गरजच उरली नाही. तिथून पुढे ग्रीनने आरोग्यव्यवस्थेवर, फॅमिली डॉक्टर मिळत नाहीत यावर जोर लावला, आवाजही थोडा चढवला, पण ते त्यांच्या अंगाला बसलं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये फिओना वादळ येऊन गेलं, लोक दिवसेंदिवस विजेविना होते, सरकारवर टीका झाली तरी मतं फिरली नाहीत. निवडणूक खरं तर ऑक्टोबर 2023 ला व्हायची होती, किंगने ती एप्रिललाच घेऊन टाकली. लिन लंडही पडल्या त्यात.

तेव्हा ताई, दोन्ही लिहा. जागा गेल्या त्या पद्धतीमुळे, मतं गेली ती त्याच्याच स्वभावाच्या राजकारणामुळे, आणि गंमत म्हणजे तोच स्वभाव नसता तर तो 2015 ला आलाही नसता. यशस्वी की फसलेलं हा प्रश्न मी असतो तर शीर्षकातून काढून टाकला असता.

बोरघाट:

+1. अवांतर: ओंटारिओत असताना या माणसाने तिथले लिबरल खासदार जो जॉर्डन यांच्याबरोबर एक बिल तयार करायला मदत केली होती, देशाची प्रगती जीडीपीऐवजी लोकांच्या खुशालीवर मोजायची असं काहीसं. दुसऱ्या पक्षाच्या खासदाराबरोबर, स्वतः निवडून आलेला नसताना. सहकार्य वगैरे 2019 ला सुचलेलं नाही, एवढं दाखवायला उपयोगी पडेल.

पावसाळी:

अरे वा, हे जॉर्डनचं फारच कामाचं आहे. शार्लटाउनकर दादा, तुमचं मत "एका स्थानिक रहिवाशाचं निरीक्षण" म्हणून घेतलं तर चालेल का? नाव घालणार नाही.

आणखी एक शेवटचं. 2024 च्या फेब्रुवारीत बोर्डन-किंकोराची पोटनिवडणूक ग्रीनचे मॅट मॅकफार्लन जिंकले, सत्ताधाऱ्यांची जागा होती ती. मग ग्रीन 3 आणि लिबरल 3 झाले ना? तेव्हा विरोधी पक्ष कोण? हे बेव्हन-बेकरने नेतेपद सोडल्यानंतरचं आहे पण शेवटच्या प्रकरणात घ्यावंसं वाटतंय.

आकडेमोड:

बरोबरी झाली, दर्जा लिबरलकडेच राहिला. 2023 ला मतं कुणाला जास्त होती हे तेव्हाही ग्राह्य धरलं गेलं नाही. शेवटच्या प्रकरणात नाही, पहिल्या पानावर घे हे, सगळा विषय इथेच दिसतो. कार्ला बर्नार्ड तेव्हा ग्रीनच्या हंगामी नेत्या होत्या, मॅकफार्लन स्वतः नेते झाले 2025 ला.

शार्लटाउनकर:

निरीक्षण म्हणून घ्या, हरकत नाही. विधानसभेच्या साइटवर हॅन्सार्ड (सभागृहातल्या भाषणांची नोंद) फुकट आहे, तारीख टाकून शोधता येतं. पोटनिवडणुकीनंतरचं पहिलं अधिवेशन काढा म्हणजे बरोबरीचा विषय सापडेल, आणि 2015 ते 2017 मधले प्रश्नोत्तराचे तास काढा, एकटा आमदार असतानाचे. तो काळ वाचलात तर बाकी आमचं काही वाचायची गरज नाही.

संत्रानगरी:

प्रोजेक्ट झाला की इथे टाका, वाचतो. आणि पुढचा विषय जिल्हा परिषद घ्या.