भिजलेला कापूस, चिबडलेले वावर, सादळलेले पापड : आपले अनुभव लिहावेत

धागाकर्ती, अमळनेर

परतीच्या पावसाने वेचणीला आलेली कपाशी भिजवली आणि झाडावर लोंबणारी ओली बोंडे पाहून वडिलांची शिस्त आठवली. पावसात सापडलेला कापूस ते कोरड्या कापसात कधीही मिसळू देत नसत. तो वेगळा वेचून ओट्यावर पातळ पसरला जाई आणि आम्ही भावंडे तो पुन्हा पुन्हा हाताने उलटत असू. ओला कापूस ढिगात राहिला की आतल्या आत तापतो, सरकीला कोंब फुटतात आणि रुई पिवळी पडते, हे ते आम्हाला ढिगात हात घालायला लावून दाखवत. शासकीय खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेत नाहीत, त्यामुळे वाळवण्याच्या त्या कामावर घरचे वर्ष अवलंबून असे. आपल्याकडे भिजलेल्या वस्तूंचे काय केले जाई, ते अवश्य लिहावे.

चोपडा

ताई, मी बोंड धरण्याआधीचे लिहितो. आमचे वावर तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीचे आहे. ही माती पाणी पिऊन फुगते, तिच्यातली हवेची जागा संपते आणि शेत चिबडते. एका वर्षी पावसाने दीर्घ ताण दिल्यावर मोठी झड लागली आणि दोन दिवसांत पाते-फुलांनी भरलेली हिरवीगार झाडे माना टाकून उभी राहिली. शेजारच्या काकांना ती बुरशी वाटली. परंतु हा आकस्मिक मर होता, ज्यात रोगजंतू नसतो, तर पाण्यात बुडालेल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि पायाशी पाणी असूनही झाड ते उचलू शकत नाही. आम्ही उताराच्या बाजूने चर काढून पाणी बाहेर काढले, सुकू लागलेल्या झाडांना आळवणी केली, म्हणजे बुंध्याशी द्रावण ओतले, आणि वाफसा येताच, म्हणजे माती कामापुरती सुकताच, कोळपणी करून ती वरवर मोकळी केली. बरीचशी झाडे सावरली. जी पूर्ण सुकली होती, ती मात्र गेली.

पारोळा

दादा, आळवणीचे प्रमाण कृपया लिहावे, आमच्याकडे आजच झाडे मलूल दिसत आहेत.

चोपडा

१० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड घ्यावे आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी साधारण १०० मिलिलिटर द्यावे. मात्र आधी साचलेले पाणी काढावे. लक्षणे दिसल्यापासून जितका उशीर होतो, तितका उपयोग कमी होतो, म्हणून आजच करावे.

चाळीसगाव

माझा अनुभव शेताचा नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी गावात शिरले, त्यात दुकानाच्या चोपड्या आणि घराचे कागद भिजून लगदा होण्याच्या बेतात आले. माझ्या भाचीने ग्रंथालयशास्त्र शिकले आहे. ओली पाने ओढून सुटी करू नका, असे तिने बजावले. दोन दिवसांत कागदावर बुरशी धरू लागते, म्हणून तातडीचे गठ्ठे तिने प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवले आणि पुढे एकेक काढून पंख्याखाली, सावलीत सुकवले. शाईच्या नोंदी पसरल्या, परंतु छापील दस्त वाचता येतात. त्या दिवसांत अनोळखी घरांनी दिलेला आसरा आम्ही विसरलेलो नाही.

पारोळा

फार सोसले तुम्ही, भाऊ. सर्व मंडळी सुखरूप राहिली, हेच मोठे.

यावल

आमच्या आजी सादळलेले बिबडे कधीही तसेच तळू देत नसत. ज्वारी भिजवून, दळून, शिजवून उन्हाळ्यात केलेले हे पापड श्रावणात ओल धरतात, त्यामुळे उघडीप मिळताच ते पुन्हा सुपात घालून उन्हात जात. भिजलेल्या ज्वारीबाबत मात्र त्यांचा नाइलाज होई, कारण दाणा भरताना पाऊस झाला की कणसावर बुरशी येऊन दाणे काळे पडतात आणि नंतरच्या उन्हाने ते पांढरे होत नाहीत. अशी ज्वारी त्या बियाण्याला ठेवत नसत.

धागाकर्ती, अमळनेर

यावलच्या ताई, आमच्याकडेही सूपच लागे! पारोळ्याच्या भावांनी झाडे सावरली का, ते कळवावे. ज्यांचा कापूस आत्ता ओला आहे, त्यांनी तो रात्री प्लास्टिकने घट्ट झाकून ठेवू नये, आतल्या आत घाम धरतो. छपराखाली गोणपाटावर पातळ पसरलेला बरा.

पारोळा

चर काढून झाला आहे, आळवणी चालू आहे. परवा कळवतो.