मदत हवी आहे: १९११ चे चिनी लष्करी गव्हर्नर, पगार कुठून द्यायचे?
मंडळी, एमएच्या पेपरसाठी चीनमधली चिंग राजवट उलथवणाऱ्या १९११ च्या क्रांतीतले प्रांतिक लष्करी गव्हर्नर घेतलेत. घटनाक्रम जमलाय, १० ऑक्टोबरला वूचांगचं बंड, ली युआनहोंगला तर जवळपास बळजबरीनेच हूपेचा प्रमुख केलं, मग महिनाअखेरीस शान्शीत येन शीशान आणि युन्नानमध्ये त्साय अ, दोघंही जपानमध्ये लष्करी शिक्षण घेतलेले. अडलंय पैशापाशी. इंग्रजी पुस्तकं चाळली तर सगळी थेट १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या युआन शिकाईवर उडी मारतात (आणि या गव्हर्नरांवर वॉरलॉर्डचा, म्हणजे मनमानी लष्करी सरदारांचा, शिक्का मारून मोकळी). चिनी वाचता येत नाही, १९१६ नंतरचं नकोय. १९१२-१३ मध्ये या गव्हर्नरांनी सैनिकांचे पगार नेमके कशातून भागवले, जमीन महसूल बीजिंगला न पाठवता, नोटा छापून की कर्ज काढून? निदान युन्नान किंवा शान्शीचे आकडे इंग्रजीत कुठे मिळतील?