वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हे कोणी ठरवले?

चिकित्सक:
‘गुरांना निंबतेल चोळा, रसायने फेकून द्या, माश्या पुन्हा फिरकणार नाहीत आणि झाडपाल्याचे असल्यामुळे अपाय शून्य’ असा सल्ला काल इथे दिला गेला आणि त्याखाली शाबासकीची रांग लागली. निंबोळीतले अॅझाडिरॅक्टिन माशीला जागच्या जागी मारत नाही. ते अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवते आणि उन्हात लवकर निकामी होते. शिवाय जनावराच्या पायांना डसणारी गोठ्यातली माशी, जिचे नर आणि मादी दोघेही रक्त पितात, दिवसातून एकदोनदा काही मिनिटेच अंगावर बसते आणि उरलेला वेळ भिंतीवर, कुंपणावर काढते. तिचा बंदोबस्त अंगावरच्या तेलाने होईल असे मानणे म्हणजे सगळा भार गाईच्या शेपटीवर टाकण्यासारखे आहे.

निंबोळीप्रेमी:
तो सल्ला माझा होता. माश्या मरतात असे मी कुठेही लिहिले नव्हते. माझ्या दोन गाई धार काढताना लाथा झाडत असत. निंबतेलात गवती चहाचे तेल मिसळून पायांना लावू लागल्यापासून त्या शांत उभ्या राहतात. तुमच्या लाडक्या पायरेथ्रॉइडांचे, म्हणजे त्या कृत्रिम कीटकनाशकांचे, काय झाले तेही सांगा! ती भरलेले कानातले बिल्ले 1980च्या दशकातच गुरांचे रक्त पिणाऱ्या शिंगमाशीपुढे निष्प्रभ ठरू लागले होते.

चिकित्सक:
लाडकी कोणाची, ते राहू द्या. पायरेथ्रॉइडे घडवली गेली ती शेवंतीच्या कुळातल्या फुलांतील पायरेथ्रिनांच्या नमुन्यावर, कारण मूळ अर्क उन्हात टिकत नाही. दोन्ही द्रव्ये कीटकाच्या मज्जापेशींतील सोडियमच्या मार्गांवरच घाव घालतात. त्यामुळे तिथला बदल होऊन जी माशी एकाला दाद देईनाशी होते, ती बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही.

जुना गुराखी:
‘अपाय शून्य’ हे शब्द वाचून राहवले नाही. तरुणपणी मी एका वासराच्या अंगावर तंबाखूचा दाट काढा ओतला होता. थोड्याच वेळात ते लाळ गाळू लागले, थरथरले आणि आडवे झाले. ते वाचले, पण मी तो प्रकार पुन्हा केला नाही. तंबाखूही झाडच आहे.

निंबोळीप्रेमी:
मात्रा चुकली तर मीठही मारते. तुमच्या हातून झालेल्या चुकीचा दोष निंबाच्या माथी मारू नका.

जुना गुराखी:
निंबाचे नाव मी घेतलेच नाही. निकोटिन कातडीतून शरीरात शिरते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते आणि ‘अपाय शून्य’ लिहिणारे आजही सांगत नाहीत. डेरिस या वेलीच्या मुळातले रोटेनोन मासे मारते, सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना गंभीर इजा करते. ही सगळी झाडेच आहेत ना? मात्रेचा उपदेश आधी सल्ल्यात लिहायचा असतो, वासरू पडल्यानंतर नव्हे.

उकिरडा:
काय चोळावे यावर आपण भांडत बसा. मुतात भिजलेली वैरण आणि शेण गव्हाणीखाली कुजत पडले असेल, तर उष्ण हवेत अंड्याची माशी व्हायला दोनतीन आठवडे पुरतात. खरे औषध फावडे हेच आहे, पण फावड्याचे कौतुक कोणी करत नाही.

चिकित्सक:
गोठ्यातल्या माशीपुरते मान्य. शिंगमाशी मात्र कुरणातल्या ताज्या शेणावर अंडी घालते; तिथे आपण फावडे घेऊन प्रत्येक गाईमागे धावणार काय?

न्यायाने एवढे सांगायला हवे की वनस्पतिजन्य द्रव्ये मुळातच कुचकामी आहेत, असे माझे म्हणणे नाही. खोबरेल तेलातून वेगळी काढलेली मुक्त मेदाम्ले स्टार्चच्या मिश्रणात घालून गाईंवर वापरली, तेव्हा गोठ्यातल्या माशीपासून 96 तासांपर्यंत संरक्षण मिळाल्याचे 2018 साली प्रसिद्ध झाले आहे. मात्र ते श्रेय त्या मेदाम्लांचे आणि त्यांचा प्रभाव टिकवून धरणाऱ्या मिश्रणाचे आहे. बाटलीतले खोबरेल चोळून तो परिणाम मिळत नाही. गवती चहासारखी सुगंधी तेले तर काही तासांत उडून जातात.

निंबोळीप्रेमी:
म्हणजे झाडातून निघालेले द्रव्य उपयोगी पडते, एवढे तरी आपल्या लेखणीतून उतरले, आभारी आहे. मीही ‘अपाय शून्य’ मागे घेतो, आणि ‘पुन्हा फिरकणार नाहीत’ याच्या जागी ‘धार संपेपर्यंत फिरकत नाहीत’ असे वाचावे. ही दुरुस्ती गाईंना कळवण्याची गरज मला दिसत नाही.

चिकित्सक:
गाईंना नको. ते उग्र तेल कासेजवळ लावू नये, नाहीतर दुधाला वास लागेल, हे मात्र सल्ल्याखाली अवश्य लिहा.